ऐंशीच्या पुढच्या आईवडिलांना डायलिसिस सांगितलंय? काय विचारायचं, कसं ठरवायचं, पुढे काय काय करायचं

आमच्या आण्णांना ८२ व्या वर्षी डायलिसिस सुरू झालं आणि त्यानंतर ते दोन वर्षं सात महिने होते. पुढे आत्याला, म्हणजे त्यांच्याच मोठ्या बहिणीला, ८७ व्या वर्षी डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि तिने सरळ नको म्हटलं, ती अकरा महिने होती. दोन्ही वेळेला फाइल घेऊन पळायला मीच होते त्यामुळे दोन्ही रस्ते मी जवळून बघितलेत. दोन्ही निर्णय योग्य होते असं मला आजही वाटतं, पण आण्णांच्या वेळचा निर्णय ज्या पद्धतीने झाला तसा कुणाचाच होऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

झालं असं की रात्री दीड वाजता आयसीयूच्या बाहेर माझ्या हातात एक फॉर्म आला, "डायलिसिस करावं लागेल, मानेत नळी टाकतोय, इथे सही करा". चार वर्षांपासून क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा घटक) हळूहळू वाढतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आम्हालाही आणि दर तीन महिन्यांनी तपासणाऱ्या डॉक्टरांनाही, पण एकदाही कुणी आण्णांना समोर बसवून विचारलं नव्हतं की अशी वेळ आली तर तुम्हाला काय हवंय. मी सही केली. दुसरं काय करणार होते.

तर तुमच्या घरी अजून वेळ असेल तर ती वेळ वापरा. मी डॉक्टर नाही, औषधाचे डोस वगैरे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनाच (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा, मी फक्त क्रमाने सांगते कधी काय करायचं.

आधी हे बघा, किडनी कायमची गेलीये की तात्पुरती बसलीये

हे सगळ्यात पहिलं कारण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. म्हाताऱ्या माणसाला जुलाब झाले, ताप आला, युरिन इन्फेक्शन झालं, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या आठवडाभर खाल्ल्या की क्रिएटिनिन एकदम उडी मारतं. अशा वेळी लागलेलं डायलिसिस काही दिवसांचं किंवा आठवड्यांचं असू शकतं आणि किडनी परत बऱ्यापैकी कामाला लागू शकते. पुरुषांमधे प्रोस्टेट वाढून लघवी तुंबली तरी किडनीवर ताण येतो, साधी सोनोग्राफी आणि कॅथेटर यातच अर्धा प्रश्न सुटतो कधीकधी. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, मागच्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट एका कागदावर तारखेनुसार लिहून समोर ठेवा आणि विचारा की ही उडी आहे की उतार आहे. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान आणि आक्रसलेल्या दिसत असतील तर प्रश्न बहुतेक जुना आहे.

आकडा बघून घाबरून सुरू करू नका

नुसतं क्रिएटिनिन बघू नका, ईजीएफआर बघा, म्हणजे किडनी किती काम करतेय याचा अंदाजी आकडा. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं त्यामुळे ४० किलोच्या आजींचं २ आणि ७५ किलोच्या काकांचं २ हे एकच नाही, आजींची किडनी जास्त खराब असते. ईजीएफआर १५ च्या खाली गेला की पाचवी स्टेज म्हणतात, पण पाचवी स्टेज म्हणजे उद्यापासून डायलिसिस असा अर्थ नाही! ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधे ८२८ पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०१० मधे छापून आला, त्यात काहींना जीएफआर १० ते १४ असताना लवकर सुरू केलं आणि काहींना ५ ते ७ पर्यंत थांबवायचं ठरवलं. जगण्यात काही फरक पडला नाही. थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मधेच त्रास व्हायला लागला म्हणून ठरवल्यापेक्षा आधी सुरू करावं लागलं हेही खरं, पण तरीसुद्धा त्यांना मशीनशिवायचे सरासरी पाच-सहा महिने जास्त मिळाले. ८५ व्या वर्षी सहा महिने म्हणजे केवढे असतात.

मग सुरू करायचं कधी? तर माणूस काय सांगतोय त्यावरून. औषधांनी न हटणारी सूज आणि धाप, सतत मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गुंगी, बरळणं, औषध देऊनही रक्तातलं वाढलेलं पोटॅशियम (हा क्षार फार वाढला की हृदयाला धोका) खाली न येणं, ही खरी कारणं. फक्त रिपोर्ट लाल रंगात आला हे कारण नाही. आणि बऱ्याच म्हाताऱ्या माणसांची किडनी इतकी हळू उतरते की डायलिसिसची वेळच येत नाही, त्याआधी दुसऱ्याच कशाने तरी माणूस जातो.

किती दिवस मिळतील हे विचारा, टाळू नका

हा भाग लिहिताना माझा हात जड होतो पण हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितेच. अमेरिकेत १९९६ ते २००३ मधे ऐंशी आणि नव्वदीतल्या ज्या लोकांनी डायलिसिस सुरू केलं त्यांची मोठी पाहणी झाली, त्यातले ४६ टक्के लोक वर्षभरात गेले. ८० ते ८४ वयोगटात निम्मे लोक साधारण १५-१६ महिन्यांपर्यंत होते, नव्वदीच्या पुढे निम्मे लोक साडेआठ महिन्यांच्या आतच. आता याच्या उलट बाजूने बघा, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक वर्षापेक्षा जास्त जगले आणि काही कितीतरी जास्त. फरक कशाने पडतो? वय हे एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणूस स्वतःच्या पायावर चालतोय का आणि बाकीचे आजार किती आहेत, खासकरून हृदय. इंग्लंडमधे ७५ च्या वरच्या पेशंटचा एक अभ्यास २००७ चा आहे, त्यात हार्टचा आजार आणि बाकी बरेच आजार असलेल्यांमधे डायलिसिस करणारे आणि न करणारे यांच्या जगण्यात फारसा फरकच राहिला नाही.

अजून एक आकडा, तो माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग होममधे राहणाऱ्या ३,७०२ वृद्धांना डायलिसिस सुरू केलं, एका वर्षात ५८ टक्के गेले आणि आधी जेवढं स्वतःचं स्वतः करू शकत होते तेवढं वर्षाअखेर करू शकणारे फक्त १३ टक्के उरले. म्हणजे जो माणूस आधीच अंथरुणाला खिळलाय, ज्याला डिमेन्शिया आहे, ज्याला भरवावं लागतं, त्याला मशीन उठवून बसवेल ही आशा धरू नका. मशीन रक्त धुतं. पाय परत देत नाही.

आणि नुसतं वय बघून "आता काय करायचंय एवढ्या वयात" म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी एक सांगते, डायलिसिसवर वाचलेली जगातली पहिली पेशंटच ६७ वर्षांची बाई होती, १९४५ साली, नेदरलँड्समधे, डॉ. कोल्फ यांच्या मशीनवर. ८२ वर्षांचा चालता बोलता, हार्ट चांगलं असलेला माणूस आणि ७० वर्षांचा दोन अटॅक येऊन गेलेला माणूस, यात पहिल्याला जास्त फायदा होऊ शकतो.

डॉक्टर आकडा सांगायला कचरतात. त्यांना असं विचारून बघा, "डॉक्टर, हे पुढच्या एका वर्षात गेले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?" हा प्रश्न नेफ्रॉलॉजीत खरोखर वापरतात. आत्याच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं गप्प राहून "नाही वाटणार" म्हटलं, आणि त्या एका वाक्याने आमच्या घरातली महिनाभराची भांडणं मिटली.

आता ज्याचं शरीर आहे त्याला विचारा

आपल्याकडे काय होतं, मुलगा सून डॉक्टरच्या केबिनमधे आणि आजोबा बाहेर बाकावर. "त्यांना नका सांगू, टेन्शन घेतील". अहो त्यांना सगळं कळत असतं. पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाला विचारा, सकाळच्या वेळी, जेवण झाल्यावर नाही कारण तेव्हा ग्लानी असते, आणि घरात चार लोक गोळा करून तर नाहीच. "डायलिसिस करायचं का" असं विचारलंत तर "तुम्ही म्हणाल तसं" हेच उत्तर येणार. मी आत्याला वेगळं विचारलं होतं. तुला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? कुठली गोष्ट करता आली नाही तर जगण्यात राम नाही असं वाटेल? हॉस्पिटलमधे राहायला लागलं तर किती दिवस चालेल तुला? ती म्हणाली, "मला माझ्या पलंगावर, माझ्या खिडकीपाशी राहू दे, सुया नकोत." इतकं स्पष्ट.

आठवड्याचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. तीन वेळा, चार चार तास, जाण्यायेण्याचे दोन तास धरा, आणि घरी आल्यावर झोप. इंग्लंडमधल्याच ७० च्या वरच्या पेशंटच्या एका अभ्यासात (२००९) डायलिसिसवाले मध्यावर साधारण ३८ महिने जगले आणि फक्त औषधांवर असलेले १४ महिने, पण डायलिसिसवाल्यांचे वर्षातले १७३ दिवस हॉस्पिटलच्या दारात गेले आणि दुसऱ्यांचे १६. औषधांवरचा गट फक्त २९ जणांचा होता, त्यामुळे आकडे घट्ट धरून बसू नका, पण चित्र डोळ्यासमोर येतं. कुणाला हे १७३ दिवस चालतात. आण्णांना चालले, त्यांना नातीचं लग्न बघायचं होतं आणि पेपर वाचायचा होता, तो ते मशीनवर वाचायचे.

बाहेरगावी असलेल्या भावंडांना व्हिडिओ कॉलवर या बोलण्यात घ्या. आमचा दादा परदेशात, तो लांबून "सगळं करा" म्हणायचा, कारण त्याला अपराधी वाटायचं. आत्याच्या तोंडून ऐकल्यावर शांत झाला.

जे ठरेल ते लिहून ठेवा. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मधे लिव्हिंग विलला (शेवटच्या काळात कुठले उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवणं) मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मधे पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर सही केली की होतं. कॉपी फाइलमधे आणि फॅमिली डॉक्टरांकडे.

ठरतच नसेल तर ट्रायल घ्या

हा पर्याय फार कमी लोकांना माहितीये. डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवायचं की सहा आठवडे किंवा तीन महिने करून बघू, आणि अमुक तारखेला सगळे बसून ठरवू की चालू ठेवायचं का. मग थांबवणं म्हणजे "सोडून दिलं" असं होत नाही, ते आधीच ठरलेलं असतं.

बघायचं काय ते पण आधी ठरवा. आम्ही रोजच्या वहीत आण्णांचं वजन, बीपी लिहायचो आणि शेवटच्या रकान्यात एकच गोष्ट, "बाकावर गेले का". पुण्यात आमच्या कोथरूडच्या थोरात उद्यानात त्यांचा एक ठरलेला बाक होता, चार मित्र यायचे. डायलिसिसच्या दिवशी जाणं शक्यच नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी जायला लागले की आम्हाला कळायचं गाडी रुळावर आहे. तुमच्याकडे बाकाच्या जागी देवपूजा असेल, स्वतः आंघोळ करणं असेल, फोनवर बहिणीशी बोलणं असेल. तो रकाना रिपोर्टपेक्षा जास्त सांगतो.

करायचं ठरलं तर आधीची तयारी

हात वाचवा! उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा डावा हात आजपासून बंद, ना सुई, ना सलाईन, ना बीपीचा पट्टा. घरी सँपल घ्यायला येणाऱ्या मुलाला सांगा की तळहाताच्या मागच्या बाजूने घे. याच हाताच्या शिरेत फिस्टुला करतात, शीर आणि धमनी जोडतात, आणि ती फुगून सुई घालण्याजोगी व्हायला दीड ते तीन महिने जातात. म्हणजे ऑपरेशन वेळेच्या कितीतरी आधी हवं. झाल्यावर रोज सकाळी बोट ठेवून बघायचं, आत मांजर गुरगुरतंय असं वाटतं, बारीक थरथर. एके दिवशी ती लागली नाही तर त्याच तासाला फोन करायचा, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही.

पण खूप म्हाताऱ्या आणि डायबेटिस असलेल्या माणसांच्या शिरा बारीक, कडक असतात, फिस्टुला बरेचदा नीट तयारच होत नाही. आण्णांचा पहिला फेल गेला. अशा वेळी छातीत परमकॅथ (कायम ठेवायची डायलिसिसची नळी) टाकून तेवढ्यावरच चालवणं हाही चांगला निर्णय असू शकतो, दोन-तीन ऑपरेशनं करून माणसाला दमवण्यापेक्षा. त्यात इन्फेक्शनची भीती जास्त, म्हणून ती जागा ओली होऊ द्यायची नाही, आणि डायलिसिस चालू असताना किंवा नंतर थंडी वाजून ताप आला तर ते व्हायरल समजून क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, लगेच सेंटरला कळवायचं.

हिपॅटायटिस बीची लस लवकर सुरू करा, डायलिसिसवाल्यांना डबल डोस लागतो आणि कोर्स सहा महिन्यांचा असतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीचे रिपोर्ट असल्याशिवाय कुठलंच सेंटर घेत नाही, ते फाइलमधे ठेवाच.

सेंटर कुठलं घ्यायचं

जवळचं. एवढंच माझं उत्तर आहे. नावाजलेलं पण शहराच्या दुसऱ्या टोकाचं हॉस्पिटल आणि घरापासून दहा मिनिटांवरचं नीटनेटकं सेंटर यात दुसरं घ्या, फक्त तिथे नेफ्रॉलॉजिस्ट स्वतः किती वेळा येतात, बीपी पडलं तर कोण बघतं, इमर्जन्सीत कुठे हलवतात, डायलायझर (मशीनमधली रक्त गाळणारी नळी) परत वापरतात का आणि किती वेळा, हे विचारून घ्या. कर्वे रोडवर संध्याकाळी अडकलेल्या रिक्षात ग्लानी आलेल्या माणसाचं डोकं खांद्यावर धरून बसलात की कळतं जवळ म्हणजे काय. सकाळचा पहिला स्लॉट मिळाला तर उत्तम, सहा-साडेसहाला रस्ते मोकळे आणि दुपारी घरी.

आपल्याकडच्या जुन्या सोसायट्यांना लिफ्ट नाही हा मोठा प्रश्न आहे. जाताना माणूस उतरतो, येताना दोन मजले चढवत नाहीत. आम्ही प्रत्येक लँडिंगवर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, सोसायटीला पत्र देऊन. नाहीतर तळमजल्यावर भाड्याने घ्यायचा विचार आधीच करा.

आणि कॅलेंडर घेऊन बसा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, डेक्कनकडचा भाग सगळं बंद असतं, मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. पालखीच्या दोन दिवसांचं तसंच. आठवडाभर आधी स्लॉट एक दिवस अलीकडे घ्या, दिवाळीच्या सुट्टीचं पण विचारून ठेवा. डायलिसिस बुडवायचं नाही, कारण आठवड्यातला जो दोन दिवसांचा मोठा गॅप असतो त्याच्या शेवटीच हार्टचा धोका सगळ्यात जास्त असतो, हे २०११ च्या अभ्यासात दिसलंय, मग तीन-चार दिवसांचा गॅप किती वाईट ते तुम्हीच बघा.

डायलिसिसचा दिवस

बॅगेत पातळ ब्लँकेट, पायमोजे, कानटोपी (रक्त बाहेर फिरून येतं त्यामुळे थंडी वाजते), पुढून उघडणारा शर्ट, दोन बिस्किटं, जादा लुंगी. बीपीची सकाळची गोळी त्या दिवशी द्यायची का नंतर, हे डॉक्टरांना विचारा, आम्हाला नंतर द्यायला सांगितली होती.

वजन काट्यावर स्वतः उभे राहून बघा. ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, आणि आजचं वजन वजा ड्राय वेट एवढं पाणी काढायचं असतं. साधारण हिशेब असा की किलोमागे तासाला १३ मिलीपेक्षा जास्त काढू नये. आण्णा ५२ किलोचे, म्हणजे तासाला पावणेसातशेच्या आत, चार तासांत फार तर २.७ लिटर. त्यापेक्षा जास्त ओढलं की पायात गोळे यायचे, जांभया द्यायचे, आणि मग बीपी एकदम खाली. जांभया हीच आमची घंटा होती, जांभई दिसली की मी सिस्टरना हाक मारायचे. आणि एक, म्हातारा माणूस नीट जेवला तर त्याचं खरं वजन वाढतं आणि आजारी पडला तर उतरतं, ड्राय वेट मात्र कागदावर तेच राहतं. महिन्यातून एकदा डॉक्टरांना ते परत बघायला लावा.

भरपेट जेवून मशीनवर बसवू नका, रक्त पोटाकडे जातं आणि बीपी पडतं. सुई काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबून धरायचं, मधे मधे उचलून बघायचं नाही. मग लगेच उभं करू नका. पाच मिनिटं पाय खाली सोडून बसवा, बीपी घ्या, मग उठवा. डायलिसिसनंतर पडून मांडीचं हाड मोडलेले दोन आजोबा आमच्याच बॅचला होते, एकजण त्यातून उठलेच नाहीत.

लघवी अजून होत असेल तर २४ तासांची मोजून डॉक्टरांना सांगा. बऱ्यापैकी असेल तर आठवड्यात तीनऐवजी दोनदाच सुरू करून बघता येतं, म्हाताऱ्यांमधे हा विचारपूर्वक केलेला मार्ग असतो. पण आपल्याकडे बरेच जण निव्वळ पैशासाठी दोनदा करतात, लघवी बंद झाली तरी, आणि मग रात्री धाप लागून कॅज्युअल्टी गाठतात. दोन्हीतला फरक समजून घ्या.

खाणंपिणं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डायलिसिसच्या आधीचं पथ्य पुढे तसंच चालू ठेवणं. आधी प्रोटीन कमी करायला सांगितलेलं असतं, डायलिसिस सुरू झाल्यावर उलट वाढवायचं असतं, किलोमागे रोज एक ग्रॅम किंवा थोडं जास्त. अंड्याचं पांढरं, पनीर, खात असाल तर मासा, चिकन. म्हातारा माणूस पोटॅशियमने जितका जातो त्याहून जास्त हळूहळू उपासमारीने खंगतो, म्हणून घरात पथ्याचा पोलीस होऊ नका.

तरी काही गोष्टी पक्क्या. शहाळं नाही, कुणी कितीही प्रेमाने आणलं तरी. लो सोडियम मीठ नाही, त्यात पोटॅशियम असतं. सैंधवसुद्धा मीठच आहे. चांदणीसारखी फोड पडते ते स्टार फ्रूट अजिबात नाही, किडनीच्या पेशंटला ते विषासारखं आहे, उचकी लागते, फिट येऊ शकते. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी टाकायचं. एकादशीचा उपास म्हणजे बटाटा, रताळं, शेंगदाणे, सगळं पोटॅशियमच, आमच्या आजूबाजूला कितीतरी जण आषाढीनंतरच ॲडमिट झाले. हापूसच्या दिवसांत डायटिशियनना विचारून आण्णांना मशीन सुरू झाल्यावर दोन फोडी द्यायचो. त्या दोन फोडी ते वीस मिनिटं खायचे.

पाण्यासाठी सकाळी एक बाटली भरून ठेवा, आमची ७५० मिलीची होती, त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं धरायचं, चहा दिला की तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. तहान मिठाने लागते, म्हणून आधी पापड, लोणचं, बाकरवडी बंद करा, पाणी आपोआप कमी होतं.

पोटाचं डायलिसिस

सीएपीडीबद्दल पण विचारा. पोटात नळी, दिवसातून तीन-चार वेळा दोन लिटरची पिशवी, घरच्या घरी. हार्ट कमजोर असेल, लिफ्ट नसेल, तर म्हाताऱ्यांना हे झेपतं कारण बीपी एकदम पडत नाही. पण हात धुवून, मास्क लावून रोज करणारं माणूस घरात हवं. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

पैसे

७० च्या वरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, आधार लागतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पण डायलिसिस आहे. योजनेतल्या हॉस्पिटलला आरोग्यमित्र बसतात, थेट त्यांच्याकडे जा, नाहीतर १४५५५ वर फोन करून यादी विचारा. फिस्टुला, हिमोग्लोबिनची इंजेक्शनं, आयर्न, ॲम्ब्युलन्स हे पॅकेजमधे आहे का बाहेर, ते लिहून घ्या.

नको म्हटलं तर

डायलिसिस नको म्हणजे उपचार नकोत असं नाही, हे आत्याच्या वेळी मला कळलं. लघवीच्या गोळ्या, बीपी, हिमोग्लोबिनची इंजेक्शनं, सोड्याच्या गोळ्या, खाजेवर आणि मळमळीवर औषध, सगळं चालू असतं, डॉक्टरांकडे महिन्याला जायचं असतंच. आत्या शेवटच्या तीन आठवड्यांपर्यंत काठी घेऊन बाल्कनीत यायची, कुंड्यांना स्वतः पाणी घालायची. "आम्ही डायलिसिस करत नाही, पण तुम्ही आम्हाला सोडणार नाही ना" हे डॉक्टरांना तोंडावर विचारा, आणि जे हो म्हणतील त्यांच्याकडेच जा. पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना, लवकर भेटा. वारज्याचं सिप्ला सेंटर १९९७ पासून आहे, मुख्य काम कॅन्सरचं, पण आता मोठ्या हॉस्पिटलांमधे सुद्धा पॅलिएटिव्हचे डॉक्टर बसतात, आपल्या नेफ्रॉलॉजिस्टकडून चिठ्ठी घ्या.

थांबवायची वेळ

आण्णांच्या वहीत शेवटच्या दोन महिन्यांत "बाकावर गेले का" या रकान्यात सलग फुल्या होत्या. मशीनवर दर वेळेला बीपी पडायचं. एका सकाळी कानटोपी घालायला गेले तर माझा हात धरून म्हणाले, "आज नको. उद्याही नको." डॉक्टर घरी आले, त्यांच्याशी वेगळं बोलले, शुद्धीत आहेत आणि निराशेतून बोलत नाहीयेत याची खात्री केली. हे दोन्ही बघायलाच हवं, कारण डिप्रेशन असेल तर त्याचा उपचार आधी.

थांबवल्यावर साधारण आठवडा दहा दिवस असतात, लघवी होत असेल तर जास्त. झोप वाढत जाते, हे बऱ्याच जणांना शांतपणे होतं. धाप, खाज, बेचैनी, घशातली घरघर यावर औषधं आधीच घरी आणून ठेवा, रविवारी रात्री शोधत फिरू नका. नेहमीचं मॉर्फिन किडनी बंद असताना अंगात साचतं, म्हणून फेंटानिलसारखं दुसरं लागतं, ते डॉक्टरांना आधी विचारा. तोंड सुकतं, ओल्या कापसाने ओठ पुसायचे, थोडं लोणी लावायचं. आता शहाळं मागितलं तर चमचाभर द्या.

आणि फॅमिली डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की घरी होणार आहे. घरी मृत्यू झाला की त्यांच्या सहीचा ४ अ नंबरचा फॉर्म लागतो, त्याशिवाय स्मशानात पुढे सरकत नाही, आणि ज्यांनी पेशंटला कधी बघितलंच नाही असे डॉक्टर तो द्यायला तयार होत नाहीत. आमच्याकडे फ्रिजवर एक कागद चिकटवला होता, डॉक्टरांचा नंबर, ते नसतील तर दुसऱ्यांचा, आणि खाली मोठ्या अक्षरात, १०८ ला फोन करायचा नाही. पहाटे चारला मामी घाबरून फोन हातात घेऊन उभी होती, तो कागद वाचला आणि आण्णांच्या उशाशी जाऊन बसली.